उघडल्याबिगर कळतंय व्हय

आमच्या घरमालकांइतका टपालावर विश्वास ठेवणारा माणूस कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि टपालानं इतकं छळलेला माणूसही झाला नसेल. शाहूपुरीतल्या त्यांच्या घराच्या माडीवर मी बारा वर्षं भाड्यानं राहिलो. १९९३ साली मी एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो आणि खोली बघायला गेलो, तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, मांस-मच्छीचंही विचारलं नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहून विचारलं, "पावणं, टपाल किती येतंय तुमचं?" फारसं येत नाही, असं मी सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पेपरात हाय म्हंतायसा आणि टपाल न्हाय? मग लोक तुमास्नी सांगत्यात तरी कसं?" खोली मिळाली. त्या दिवसापासून ते मला 'पेपरवाले' म्हणू लागले आणि मी त्यांना 'मालक'.

मालक टपाल खात्यातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. खात्यातून ते बाहेर पडले, खातं मात्र त्यांच्यातून शेवटपर्यंत बाहेर पडलं नाही. पोस्टमन अकराला येई. मालक पावणेअकरापासून पायरीवर उभे असत, अंगात इस्त्रीचा शर्ट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. घरात माणसं तीन: ते, काकू आणि माडीवर मी. या तीन माणसांच्या टपालासाठी त्यांनी सुताराकडून नऊ खणांचं कपाट करून घेतलं होतं. एक खण त्यांचा, एक काकूंचा, एक माझा, पाच 'आवक वाढल्यास' म्हणून रिकामे, आणि नवव्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं, 'पत्ता अपुरा'. त्या खणात शेजारच्या गल्लीतली चुकून आलेली पत्रं पडत आणि संध्याकाळच्या आत मालक ती स्वतः पोचती करत. छापील लग्नपत्रिकेलाही ते लेखी उत्तर देत. वधूवरांना आशीर्वाद, पत्रिका अमुक तारखेला मिळाल्याची पोच, आणि पत्त्यात चूक असेल तर तीही शेवटी कळवलेली. एकदा एका व्यायामशाळेच्या वर्गणीच्या पत्रकाला त्यांनी दोन पानी उत्तर पाठवलं. व्यायामशाळेचे दोन पैलवान काळजीनं घरी चौकशीला आले.

त्यांचा मुख्य नियम असा, की आलेलं पत्र बंद ठेवायचं नाही. मला घरून आलेलं एक पाकीट मी एकदा न उघडता कॉटवर टाकलं आणि पाठ टेकली. पाचच मिनिटांत मालक जिना चढून वर आले. "उघडलं?" मी म्हणालो, नंतर बघतो. "नंतर म्हंजे कवा?" मी म्हणालो, जेवण झाल्यावर. ते खुर्ची ओढून बसले. "बसतो तवर." मी उठून पाकीट फोडलं. आत आत्याच्या नातवाच्या मुंजीचं आमंत्रण होतं. मालकांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, मुहूर्त दोनदा विचारला आणि समाधानानं उठले. मी म्हणालो, "मालक, ह्यात घाईचं काय होतं?" ते दारातून वळून म्हणाले, "ते तुमास्नी आता कळलं न्हवं? आत काय हाय ते उघडल्याबिगर कळतंय व्हय?" हे वाक्य मी त्या बारा वर्षांत किती वेळा ऐकलं, त्याची मोजदाद केलेली नाही.

एका पत्राला मात्र वेगळी वागणूक असे. आमच्याकडे मयताची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असतो. असं कार्ड घरात आणत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं, मग आंघोळ. मालक लिंगायत, आणि 'आमच्यात सुतक न्हाय' असं अभिमानानं सांगणारे. पण कोपऱ्याचा नियम त्यांनी खात्याचाच नियम मानला होता. तसं कार्ड आलं की ते पोस्टमनच्या हातातून दोन्ही हातांनी घेत आणि ज्याचं असेल त्याला, तो जिथं असेल तिथं, लगेच नेऊन देत. माझ्या मामाच्या निधनाचं कार्ड त्यांनी सायकलवरून आमच्या कार्यालयात आणून दिलं होतं. भर उन्हात आले, कार्ड दिलं, मी वाचेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "एष्टी दीडला हाय. मी चौकशी करून आलोय."

या घाईचं कारण मला काकूंकडून चौथ्या वर्षी कळलं. त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या, मालक बाजारात गेले होते. काकूंनी सांगितलं ते असं. मालक चाळिशीत असताना मलकापूरच्या पलीकडे, रत्नागिरी रस्त्यापासून आत असलेल्या एका गावात पोस्टमास्तर होते. बिऱ्हाड कोल्हापुरात, ते एकटेच तिथं. भाड्याच्या खोलीला लागून गावच्या गुरुजींचं घर. गुरुजी आजऱ्याकडचे, मालकांच्याच वयाचे. जेवण गुरुजींकडे, गप्पा गुरुजींशी. गुरुजींची आई पहाटे जात्यावर बसून ओव्या म्हणायची, त्या भिंतीतून मालकांना ऐकू येत. ते तिला आपल्या कानडी सवयीनं 'अव्वा' म्हणत. अशी काही वर्षं गेली. अव्वा थकली आणि आजऱ्याकडे आपल्या गावी परत गेली. पुढं गुरुजींच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्न गोरज मुहूर्ताचं. मालक सकाळपासून मांडवात राबत होते. दुपारी तीनला पोस्टात तार आली, ती गुरुजींच्या नावची होती. आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा.

"ह्यांनी ती खिशात घातली," काकू म्हणाल्या. "म्हणाले, अक्षता पडू देत, मग देतो. अक्षता पडल्या. मग म्हणाले, पंगत उठू दे. मग पोरीची पाठवणी. पोरगी रडायला लागली, गुरुजी रडायला लागलं, तवा कसं द्यायचं? सकाळी दिली." गुरुजी मिळेल त्या गाडीनं निघाले, पण पोचले तेव्हा राख सावडायचंच उरलं होतं. आईनं शेवटचा दिवसभर दाराकडे डोळे लावले होते, असं भावकीनं सांगितलं. परत आल्यावर गुरुजी पोस्टाच्या काउंटरसमोर उभे राहिले आणि लोकांदेखत म्हणाले, "पोस्टात बसून तू तार दाबलीस." त्यानंतर ते मालकांशी एक शब्दही बोलले नाहीत. मालकांनी बदली मागून घेतली. "माया केली की हो त्यांनी," काकू म्हणाल्या, "वाईट कुठं केलं?" हा प्रश्न मला नव्हता. मालक बाजारातून आले, तेव्हा काकूंनी विषय बदलून टोमॅटोचा भाव विचारला.

इंटरनेट आमच्या घरात २००० साली आलं. मालकांची एकुलती मुलगी नागपूरला दिलेली. जावयानं नवा संगणक घेतला आणि जुना सासऱ्यांना पाठवून दिला. ई-मेल म्हणजे काय, हे मी मालकांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी तीन प्रश्न विचारले. शिक्का कुठं मारतात? पोच कोण देतं? आणि मयताचं असेल तर कोपरा कसा फाडायचा? मग त्यांनी आपली व्यवस्था केली. दहाच्या ठोक्याला ते संगणकासमोर बसत, काकूंना सांगत, "काउंटर उघडलं," आणि आलेलं प्रत्येक ई-पत्र कागदावर छापून त्यावर स्वतः करून घेतलेला तारखेचा रबरी शिक्का मारून खणात लावत. आवक वाढल्यास ठेवलेले पाच खण पहिल्या महिन्यात भरले.

कारण जगातलं सगळं फसवं टपाल त्यांना येऊ लागलं, आणि ते सगळ्याला उत्तर देत. परदेशातल्या सोडतीत आपण जिंकला आहात, असं पत्र आलं. मालकांनी खात्याच्या इंग्रजीत कळवलं की सदरहू सोडतीचं तिकीट मी घेतलेलं नाही, तरी योग्य व्यक्तीचा शोध घ्यावा. आफ्रिकेतल्या एका दिवंगत मंत्र्याच्या पत्नीनं आपली अडचण सांगून मदत मागितली. मालकांनी तिला सांत्वनाचं पत्र लिहिलं, त्यात 'ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही' याचं इंग्रजी करायला मला माडीवरून खाली बोलावलं. एका अनोळखी तरुणीनं मी एकटी आहे असं लिहिलं, तेव्हा ते पत्र शिक्का मारून काकूंच्या हातात दिलं. काकूंनी चष्मा लावून बाईचा फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "हिला कोल्हापूरला बोलवा. मी बोलतो की तिच्याशी."

मी त्यांना धोका सांगितला होता. आमच्या कार्यालयातल्या एका संगणकावर कुणीतरी असंच एक जोडलेलं पाकीट उघडलं होतं आणि त्या दिवशीचा अंक चार तास उशिरा निघाला होता. तेव्हापासून प्रत्येक पडद्याच्या वर भिंतीवर एक सूचना चिकटवलेली होती: ओळखीच्या नावानं आलं तरी जोडलेली फाइल चौकशी केल्याशिवाय उघडू नये. मालकांना मी समजावलं, की ह्या पाकिटात कागद नसतो, कीड असते. ती उघडल्याबरोबर तुमच्या संगणकातल्या पत्त्यांच्या वहीत शिरते आणि लिखाण पुसते आणि तुमच्या नावानं सगळ्यांना तसंच पत्र टाकते. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं. "म्हंजे पत्र सोताच दुसरी पत्रं टाकतंय?" मी म्हणालो, हो. "मग आमी चौतीस वर्षं काय केलं?" त्यांना हे खरं वाटलं नाही. पत्र वाईट बातमी आणू शकतं, हे त्यांना मान्य होतं. पत्र हेच वाईट असतं, हे त्यांच्या बुद्धीला शिवत नव्हतं. "पेपरवाले, तुमी तार दाबायला सांगताय," ते म्हणाले.

दुसऱ्या वर्षी वाचकांच्या पत्रांचं सदर माझ्याकडे आलं. त्यात एक दिवस बेंगळुरूहून ई-मेलनं पत्र आलं. लिहिणारे निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. नोकरीचं गाव मी काकूंच्या तोंडून ऐकलेलं तेच. त्यांनी लिहिलं होतं, की आपण आता मुलाकडे राहतो, आपल्या आईच्या जात्यावरच्या शंभरावर ओव्या आठवून मुलाच्या संगणकावर टाइप केल्या आहेत, काहींच्या ओळी अर्ध्याच आठवतात; आजरा भागातल्या वाचकांना ठाऊक असल्यास कळवावं. मी दोन वाक्यं कापून पत्र छापलं, ई-मेलचा पत्ता तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मालक माडीवर आले. हातात अंक होता. पहिल्यांदाच ते माझ्या टपालाखेरीज दुसऱ्या कामासाठी वर आले होते. "हा पत्ता वहीत कसा लिवायचा ते दावा," एवढंच म्हणाले. मी खाली जाऊन तो पत्ता संगणकाच्या वहीत घातला. त्यांनी तो सगळ्यात वर, मुलीच्याही वर लावायला सांगितला.

पत्र मात्र त्यांनी लिहिलं नाही. दहाला काउंटर उघडलं, सगळी आवक निपटली, पोस्टमन येऊन गेला, की साडेअकराच्या सुमारास ते कोरं पत्र उघडत, गुरुजींचा पत्ता घालत, 'प्रिय' असं इंग्रजी अक्षरांत टाइप करत आणि थांबत. पडद्यावरची रेघ लुकलुकत राही. थोड्या वेळानं ते पत्र मिटत आणि काकूंना म्हणत, "काउंटर बंद." मी एकदा म्हणालो, "मालक, दोन ओळी लिहा. त्यांना ओव्या हव्यात, तुम्हाला येतात." ते म्हणाले, "बावीस वरसांनी पयलं पत्र जायाचं. त्यात चूक व्हाया नगं." असं वर्षभर चाललं.

पुढच्या वर्षी श्रावणात मुलीला मुलगी झाली. बारशाचे फोटो ई-मेलनं पाठवते, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. मालक चार दिवस वाट बघत होते. पाचव्या दिवशी सव्वादहाला तिच्या नावानं पत्र आलं. मजकूर इंग्रजीत एका ओळीचा: खास तुमच्यासाठी, सोबतचं जरूर उघडा. खाली एक पाकीट जोडलेलं. मुलीनं बापाला कधी इंग्रजीत लिहिलं नव्हतं, खाली नाव नव्हतं, बाळाचा उल्लेख नव्हता. हे सगळं मालकांच्या लक्षात आलं होतं, नंतर त्यांनी मला स्वतः सांगितलं, "मजकूर तिचा न्हवता, ते कळलं मला. पण पाकिटावर नाव पोरीचं. ते बंद कसं ठिवायचं?" त्यांनी ते उघडलं. काही दिसलं नाही. त्यांनी पुन्हा उघडलं. सात वेळा उघडलं. मग काकूंना म्हणाले, "पाकीट रिकामंच निघालं," आणि पुन्हा फोटो येतील म्हणून फोनची तार तशीच जोडलेली ठेवून वाट बघत बसले.

तेच पत्र दुपारी बाराला मला कार्यालयात दिसलं. पाठवणारे आमचे मालक. खास तुमच्यासाठी, सोबतचं जरूर उघडा. मी ते उघडलं नाही. घरी फोन लावला, लाइन व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त; म्हणजे संगणक अजून फोनच्या तारेवरच होता. मग मला पत्त्यांच्या वहीतली सगळ्यात वरची ओळ आठवली. मी मोटारसायकल काढून शाहूपुरीत आलो आणि भिंतीतली तार उपसली. मालक म्हणाले, "अवो, फोटो यायचं हायत." मी वही तपासली. वहीतल्या प्रत्येकाला पत्र गेलं होतं. पहिलं पत्र अर्थातच सगळ्यात वरच्या पत्त्यावर गेलं होतं.

मी मालकांना काय झालं ते सांगितलं. पुन्हा सांगावं लागलं नाही. ते खुर्चीतच होते. त्यांनी विचारलं, "त्यो उघडंल का?" मी म्हणालो, बहुतेक उघडणार नाहीत, मुलगा सांगेल. "मुलगा घरात नसंल तर?"

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. गुरुजींच्या मुलानं आपल्या कचेरीतून लिहिलं होतं. मालकांच्या संगणकातली कीड अजून निघायची होती, म्हणून ते मी आमच्या कार्यालयात मालकांचं खातं उघडून छापलं आणि घरी आणलं. मजकूर असा: वडिलांनी तुमचं नाव बघून पत्र उघडलं. मी घरात नव्हतो. इतक्या वर्षांनी त्याचं पत्र आलं, असं ते आईला म्हणाले. संगणकावरचं त्यांचं सगळं लिखाण पुसलं गेलं. फ्लॉपीवर सुरुवातीच्या थोड्या ओव्या आहेत, बाकी नाही. पुन्हा आमच्या पत्त्यावर लिहू नये.

मी कागद मालकांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला नाही. आधी त्याचा वरचा उजवा कोपरा फाडला. मग पायऱ्या उतरून उंबऱ्याबाहेर, रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि तिथं वाचला. वाचून झाल्यावर बारीक तुकडे केले. परत येताना दारातच थांबून काकूंना म्हणाले, "पाणी काढ आंघोळीला." काकू म्हणाल्या, "अवो, आपल्यात सुतक न्हाय." ते म्हणाले, "अव्वा गेली." एवढं बोलून ते न्हाणीत गेले. एकाच बाईच्या मरणाला ते दुसऱ्यांदा कारण झाले होते, असं त्यांनी धरलं. पहिल्यांदा पत्र दाबून आणि दुसऱ्यांदा पत्र उघडून. यात त्यांचा दोष किती, हा वाद मी त्यांच्याशी घातला नाही. घालून उपयोग नव्हता.

त्या दिवसापासून काउंटर बंद झालं. संगणकावर काकूंनी विणलेलं झाकण पडलं. बारशाचे फोटो मुलीनं टपालानं पाठवले, ते त्यांनी भिंतीवर लावले. पंधरा दिवस ते कुणाशी बोलत नव्हते. मग एके सकाळी पोस्टातून कार्डांचा गठ्ठा घेऊन आले, पायरीवर बसले, डोळे मिटले आणि गुणगुणायला लागले. मी जिन्यावरून उतरत होतो. त्यांनी हातानं मला थांबवलं, गुरुजींनी सदराला लिहिलेल्या पत्राखालचा घरचा पत्ता माझ्याकडून मागून घेतला आणि पहिलं कार्ड लिहिलं. नमस्कार नाही, क्षमा नाही, नाव नाही. डाव्या कोपऱ्यात क्रमांक एक, आणि खाली एक ओवी.

घाटाच्या वाटंला, धूळ उडती गाडीची
माझ्या गं बाळाची, शाळा डोंगर-झाडीची

भिंतीतून ऐकलेल्या ओव्या ते आठवत होते. रोज एक कार्ड. जी पूर्ण आठवणार नाही ती लिहायची नाही, असा नियम. कधी कधी एका शब्दासाठी तीन-तीन दिवस जात. काकू म्हणायच्या, "काहीतरी बसवा की तिथं, कोण बघतंय?" मालक म्हणायचे, "अव्वा बघती." पोस्टातले लोक विचारत, मास्तर, उत्तर येतंय का? ते म्हणत, "आपलं काम पोचवायचं."

दोन महिन्यांनी बेंगळुरूहून एक कार्ड आलं. योगायोगानं मी घरी होतो. मालकांनी ते पोस्टमनकडून घेतलं, आधी चारही कोपरे तपासले, शाबूत होते. मग मला म्हणाले, "वाचा तुमी." नमस्कार नाही, नाव नाही. "नऊ नंबरची ओवी आईची न्हवं. ती पलीकडच्या तानूबाईची. तू दोन्ही भिंतींला कान लावून बसलावतास. बाकीच्या बरोबर हायत."

मला वाटलं, ते दुखावतील. ते हसले. चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा हसले. "तानूबाईची! व्हय की, तानूबाईचीच. ती बी लई गायची ओ." मी विचारलं, "मालक, राग गेला म्हणायचा का त्यांचा?" ते म्हणाले, "ते मला काय म्हाईत. पण चूक काढलीया म्हंजे वाचल्यात सगळ्या." ते कार्ड त्यांनी खणात लावलं नाही. शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि शर्ट बदलला की कार्ड नव्या शर्टाच्या खिशात जाई. बेंगळुरूहून दुसरं कार्ड कधी आलं नाही. मालकांची कार्डं एकाहत्तरपर्यंत गेली.

२००५ च्या हिवाळ्यात एका सकाळी, पावणेअकराला, पोस्टमनची वाट बघताना ते पायरीवर बसले ते उठले नाहीत. डॉक्टर आले, तोवर सगळं संपलं होतं. मुलीला नागपूरहून यायला दुसरा दिवस उजाडणार होता, म्हणून माती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला करायचं ठरलं. नातेवाइकांना कळवण्याचं काम माझ्याकडे आलं. पत्ते मालकांच्या ई-मेलच्या वहीत होते. मी कार्यालयात जाऊन त्यांचं खातं उघडलं. परवलीचा शब्द मला माहीत होता, तो 'अव्वा' होता. एकेकाला कळवलं आणि सगळ्यात वरच्या ओळीशी थांबलो. फोन क्रमांक नव्हता. कोपरा फाडलेलं कार्ड तीन दिवसांनी पोचलं असतं. आणि या पत्त्यावरून आलेलं पत्र त्या घरात कुणी दुसऱ्यांदा उघडेल, हे शक्य नव्हतं. पुन्हा लिहू नये, असं त्यांनीच कळवलं होतं. मग मी आमच्या धंद्यातली युक्ती केली. सगळी बातमी शीर्षकात घातली: मालक आज सकाळी वारले, माती उद्या सकाळी दहाला, शाहूपुरीतल्या घरून. आत मजकुरात एकच ओळ, तीही तीच. जोडलेलं काही नाही. न उघडता कळावं, एवढाच हेतू होता.

लिंगायतांत देह बसवतात आणि बसवूनच पुरतात. सोप्यात मालकांना रस्त्याकडे तोंड करून बसवलं होतं, अंगात नेहमीचा इस्त्रीचा शर्ट, कपाळावर भस्म, गळ्यात हार. काउंटरवर बसत तसेच दिसत होते. नऊच्या सुमारास रिक्षातून एक उंच, वाकलेले गृहस्थ उतरले. डोक्यावर टोपी, खांद्यावर कापडी पिशवी. कुणाला न विचारता ते चपला काढून मालकांच्या समोर जाऊन उभे राहिले. काकूंनी त्यांना ओळखलं आणि पदर तोंडाला लावला.

समोरचा माणूस ऐकतोय अशा आवाजात गुरुजी म्हणाले, "वेळंत आलो न्हवं?"

पिशवीतून त्यांनी दोऱ्यानं बांधलेला कार्डांचा गठ्ठा काढला. दोरा सोडून एक कार्ड बाजूला केलं, नवव्या क्रमांकाचं. बाकीची पुन्हा बांधून पिशवीत ठेवली. ते एक कार्ड त्यांनी मालकांच्या शर्टाच्या खिशात सरकवलं. तिथं आधीच एक कार्ड होतं. ते त्यांच्या बोटांना लागलं, त्यांनी अर्धं वर ओढून आपलं अक्षर पाहिलं आणि दोन्ही नीट आत दाबली. "ही तुझी तुला परत," ते म्हणाले. "पत्ता चुकलाता."

माती झाली. गुरुजी शेवटपर्यंत होते, खांदाही दिला. परत आल्यावर काकूंनी चहा दिला. आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो. पोस्टमनची वेळ टळून गेली होती. मी त्यांना सांगितलं, की पत्र मीच पाठवलं होतं आणि उघडावं लागू नये म्हणून सगळं शीर्षकातच लिहिलं होतं. गुरुजींनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं.

"शीर्षक कुठलं?" ते म्हणाले. "मी नाव बघितलं. पोरगं वरडत हुतं, बाबा उघडू नका, उघडू नका. उघडलं." त्यांनी कपबशी पायरीवर ठेवली. "आत काय हाय ते उघडल्याबिगर कळतंय व्हय?"

आमच्या कार्यालयातली ती सूचना अजून भिंतीवर आहे. कागद पिवळा पडला, मजकूर बदललेला नाही. तो बरोबर आहे आणि मी तो पाळतो.